एसटीची पहिली पायरी

सिंगल बेल दिली की गाडी थांबते, डबल दिली की निघते. या दोन बेलांच्या मधे किती वेळ जातो, त्यावरून थांब्यावर कोण चढतंय हे मी न बघता सांगायचो. कॉलेजची पोरं असली तर गाडी पुरती थांबायच्या आत निम्मी आत. म्हातारं माणूस असलं की तीच गाडी मिनिटभर धडधडत उभी. आधी पिशवी आत यायची. मग एक हात दांडीला, दुसरा गुडघ्यावर. मग ड्रायव्हरला उद्देशून, "थांब रं बाबा जरा." पहिली पायरी काही केल्या चढवायची नाही. शेवटी मी खाली उतरायचो, काखेत हात घालायचो आणि माणूस पोत्यासारखं आत घ्यायचो. पोत्याला त्याचं काही वाटत नाही. माणसाला वाटतं, हे मला स्वतःचं पोतं होईपर्यंत कळलं नव्हतं.

मी तिसगावचा. नगरहून पाथर्डीकडं येताना करंजीचा घाट ओलांडला की करंजी, आणि मग आमचं गाव. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, बहुतेक सगळी याच रस्त्यावर. जन्मतारीख १ जून १९५३. खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती; शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला हीच लावली. त्या हिशेबानं ३१ मे २०११ ला निवृत्त झालो, शाल-नारळ घेऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरच्यांनी मला बसवलं.

बसवलं हेच खरं. पाणी घ्यायला उठलो की सून म्हणायची, "बसा नाना, देते." पेपर आणायला निघालो की मुलगा म्हणायचा, "बसा, मी आणतो." चप्पल शोधायला वाकलो की नातू पळत यायचा. यात कुणाचं काही चुकलं नाही. आमच्याकडं म्हाताऱ्याचा मान राखायचा म्हणजे त्याला उठू द्यायचं नाही. एवढी वर्षं उभ्यानं काढलेली, त्यामुळं मलाही ते गोड लागलं. दहा वर्षं मी तो मान खाल्ला. मधेच लॉकडाऊन आला, मग तर अंगणात जायचंही कारण उरलं नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये भावकीतल्या एकाच्या दशक्रियेला गेलो होतो. ताडपत्रीवर मांडी घालून तासभर प्रवचन ऐकलं. प्रवचन संपलं, सगळे उठले, मी उठेना. हात जमिनीला टेकवला, एक गुडघा उभा केला, परत बसलो. पुन्हा तेच. लोकांना वाटलं मला भरून आलंय. मागून एक म्हातारी म्हणाली, "लई जीव होता दोघांचा एकमेकावर." मेलेल्या माणसाशी माझं बांधावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं. शेवटी दोन पोरांनी दोन्हीकडून काखेत हात घालून मला उभं केलं, आणि त्या हातांची पकड मी ओळखली. ती माझीच होती.

एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गुडघ्याचा फोटो काढायला लावला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "या वयात हे चालायचंच." माझ्या लेकीची लेक तेव्हा नगरला फिजिओथेरपी शिकत होती. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं ना फोटो बघितला ना गोळ्या. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली, पाठ भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "नाना, हात छातीवर घडी घाला. आता उठा-बसा. मी तीस सेकंद मोजते." मी सात वेळा उठलो. सातव्या वेळेला खुर्चीत बसलो नाही, पडलो. ती म्हणाली, "तुमच्या वयाच्या पुरुषाला बारा तरी यायला पाहिजेत." तिला वाटलं मी खचेन. पण कंडक्टरला आकडा दिला की बरं वाटतं. सात आहेत, बारा पाहिजेत, म्हणजे पाचाची तूट. तूट भरता येते.

तर मला सांगायचंय ते एवढंच. आपल्याकडं साठी उलटलेल्या माणसाला व्यायाम म्हटला की जो तो एकच सांगतो, चालत जा. डॉक्टर तेच सांगतात, कीर्तनकार तेच सांगतात, मोबाइलवर तेच येतं. चालणं चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नुसतं चालून मला ताडपत्रीवरून उठता आलं नसतं. जमिनीवरून उठणं, पायरी चढणं, पाण्याचा हंडा उचलणं, ठेच लागल्यावर तोल सावरणं, ही कामं मांडीच्या आणि ढुंगणाच्या ताकदीची आहेत, आणि ती ताकद सपाट रस्त्यावर रमतगमत चालून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पासष्टीपुढच्या माणसांसाठी जे सांगितलंय, त्यात आठवड्याला किमान १५० मिनिटं दमानं का होईना पण धाप लागेल असं चालणं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कागदावर पुढं लिहिलंय की आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा आणि तीन दिवस तोल सांभाळायचा. ही पुढची ओळ आमच्या तालुक्यापर्यंत पोचलीच नाही. मधल्या थांब्यावरच उतरली.

सुरुवात कशी केली ते सांगतो, कारण लोक तिथंच अडतात. नातीनं खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या. बसायची जागा उंच झाली की उठायला सोपं जातं, हे एवढं साधं मला सुचलं नव्हतं. सकाळी पाच वेळा उठायचं, संध्याकाळी पाच वेळा. उठताना श्वास सोडायचा, दम कोंडायचा नाही. बसताना धपकन नाही, मनात चार म्हणेपर्यंत सावकाश. बाजेवर करू नका. बाजेला झोळ पडतो, तिच्यातून तरणाही नीट उठत नाही. दोन आठवड्यांनी एक उशी काढली, महिन्यानं दुसरी. मग खुर्ची गेली आणि ओटा आला. आमचा ओटा खुर्चीपेक्षा चार बोटं खाली आहे. ती चार बोटं उतरायला मला दीड महिना लागला.

मांड्या दुखल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरताना देव आठवला. नात फोनवर म्हणाली, मांडीचा मास दुखतोय का सांधा? मास दुखला तर दुखू द्या, दोन दिवसांत जाईल. सांध्यात सुई टोचल्यासारखं झालं तर थांबा. छातीत दडपलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच थांबा आणि मला नाही, डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू असलेल्यांनी तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करावी. मी विचारलं होतं. या वेळेला दुसऱ्या डॉक्टरांना.

पुढं मी मैदानावर जायला लागलो. तिथं पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात. आमच्या तालुक्यात दोन प्रकारची माणसं पहाटे उठतात, भरतीवाली आणि ऊस तोडायला निघालेली. मी कट्ट्याच्या कडेला उठबशा काढायला लागलो तेव्हा पोरं हसली. "नाना, तुम्हाला पण फिजिकल द्यायचीय का?" मी म्हटलं, "होय, माझी पण तारीख आलीय." चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातला एक काळासावळा, सगळ्यात कमी बोलणारा, पळता पळता थांबला. माझ्या शेजारी उकिडवा बसून माझ्या पायाकडं बघत राहिला. "नाना, टाच उचलतेय तुमची. सगळा भार चवड्यावर येतोय, म्हणून गुडघा बोंबलतोय. भार टाचेवर घ्या. आणि ढुंगण मागं, परसाकडला बसल्यासारखं." तसं केलं आणि पहिल्यांदा गुडघ्याऐवजी मांडी दुखली. एवढे पैसे फोटोवर घातले होते. त्या पोराची भरती दोनदा हुकलीय. मला तो अजून सर म्हणू देत नाही.

तोल सांभाळायचा म्हणजे काय, ते मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. करंजीच्या घाटात गाडी वळणं घेतेय, एका हातात पैसे, दुसऱ्यात तिकिटाचा चिमटा, काखेत ट्रे. धरायला हातच नाहीत. सगळी गाडी पोटऱ्यांवर सांभाळायची. मढीच्या यात्रेला जादा गाड्या सुटायच्या तेव्हा तर दोन माणसांच्या मधे एका पायावर उभं राहून तिकिटं फाडलीत. आता तेच मी अंगणातल्या कडुनिंबाला बोट टेकून करतो, एका पायावर दहा आकडे, मग दुसऱ्या. पहिल्या दिवशी तीन आकड्यांत खाली आलो. एकतीस वर्षांची कमाई दहा वर्षांत खुर्चीनं खाल्ली होती.

नातीनं मला एक गोष्ट सांगितली, तिच्या अभ्यासक्रमात आहे म्हणे. जेरेमी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या वर-खाली करणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि आला तरी उशिरा, असं त्याला दिसलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते १९५३ साली छापून आलं, माझ्या जन्मसालीच. मी खूष झालो. माझ्याबरोबरच्या ड्रायव्हरांना फोन करून सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा नाना, पुढं ऐका." मॉरिसनं नंतर कंपनीच्या गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या विजारी भरती झाल्यापासूनच जास्त घेराच्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. त्यानं ते स्वतःच छापलं आणि मग इतर नोकरदारांवर तपासणी चालू ठेवली. व्यायामाचं माप त्या माणसानं घेतलंच, वर स्वतः २००९ साली गेला तो ९९ वर्षांचा होऊन. आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच छापणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. रोकड कमी भरली तर स्वतःहून सांगणारा कंडक्टर तसाच.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या दहा म्हाताऱ्यांना, वय ८६ ते ९६, आठ आठवडे पायानं वजन उचलायला लावलं. सरासरी ताकद १७४ टक्के वाढली. शून्यातून नाही, पण जवळपास शून्यातूनच, म्हणून टक्का एवढा मोठा. तरी नव्वदीतला स्नायूही सांगितलेलं ऐकतो, हे त्यातून ठरलं. पुढचं वाक्य लोक सांगत नाहीत. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्या ताकदीत मोठी घट झाली, ३२ टक्के. म्हणून सुरू करण्यापेक्षा टिकवणं मोठं.

माझं तीनदा बंद पडलं. एकदा दिवाळीत, पाहुणे आणि फराळ. एकदा पावसाळ्यात. एकदा कशामुळं ते आठवतही नाही, नुसतंच. प्रत्येक वेळेला वाटलं, गेलं सगळं, आता काय उपयोग. मग मी वेबिल लिहायला लागलो. कंडक्टरच्या हाताची सवय; प्रत्येक फेरीला किती तिकिटं, किती रोकड, काय शेरा. नातवाच्या जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, उठबशा, एका पायावर, चालणं, शेरा. न केलेल्या दिवशी कोरं सोडत नाही, शेऱ्यात लिहितो, 'फेरी रद्द.' कारणही लिहितो. फेरी रद्द झाली म्हणून रूट बंद होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. दोन फेऱ्या रद्द चालतील, तिसरी मात्र रिकामी का होईना सोडायचीच. रिकामी फेरी म्हणजे पाच उठबशा. ताप असेल तर तेवढंही नाही. ही वही आता तिसरी चालू आहे.

आता आमच्याकडचा नेहमीचा आक्षेप. "नाना, तुम्ही नोकरवाले. शेतकऱ्याला कशाला व्यायाम? दिवसभर राबतोच की." याचं निम्मं खरं आहे. पण ट्रॅक्टर आला, मोटार घरून मोबाइलवर चालू होते, मोटारसायकल बांधापर्यंत जाते, आणि पासष्टीच्या शेतकऱ्याचं राबणं आता बरंचसं देखरेख झालंय. आमच्या घरात स्वयंपाकाचा ओटा झाला त्या वर्षी बायकोचं चुलीपुढचं दिवसाचं वीस-पंचवीस वेळचं उठणं-बसणं एका झटक्यात बंद झालं. पाच वर्षांनी तिनं खाली बसायचं सोडलं. ओटा नको होता असं नाही. धुरातून सुटली बिचारी. पण त्या गेलेल्या उठबशा कुठूनतरी भरून काढायला हव्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उरलेलं निम्मं अवघड आहे. माझी एक चुलत बहीण नवऱ्याबरोबर पंचवीस हंगाम ऊसतोडीला गेली. पहाटे कोयता, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. आज ती साठीत कमरेत वाकलीय. तिला मी उत्साहानं उठबशांचं सांगायला गेलो तर म्हणाली, "दादा, आता अजून उठू?" मला उत्तर आलं नाही. श्रम आणि व्यायाम यांत फरक एवढाच की व्यायामात कधी थांबायचं ते आपण ठरवतो, तोडीत मुकादम ठरवतो. तिचं शरीर कमी वापरल्यानं गेलेलं नाही, विश्रांतीविना वापरल्यानं गेलंय. नातीनं तिला उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचं आणि पाठ चटईवर दाबून धरायचं शिकवलं, तेवढं ती करते. पण आमच्या तालुक्यातल्या अशा बायकांना तपासून त्यांच्या कमरेला झेपेल असं शिकवणारं माणूस प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी बसलं पाहिजे. पेपरातल्या लेखानं हे काम होणार नाही, माझ्याही.

आणि चालायचं म्हटलं तर चालायचं कुठं? कल्याणहून नगर, पाथर्डीवरून निर्मलकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावातूनच जातो. कडेला चालायला गेलं की ट्रकच्या वाऱ्यानं टोपी उडते. पंजाबच्या फौजा सिंगांचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. २००० साली लंडनला ८९ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पळाले, शंभरीनंतरही पळाले. जुलै २०२५ मध्ये, त्यांच्या हिशेबानं ११४ व्या वर्षी, जालंधर जिल्ह्यातल्या आपल्या गावाजवळ महामार्गावर गाडीनं उडवलं आणि गेले. एवढं वय ज्याला हरवू शकलं नाही त्याला रस्त्यानं नेलं. म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत याला आळस म्हणण्याआधी हा रस्ता बघा.

गावोगाव ओपन जिम नावाची लोखंडी अवजारं बसवलीत. एका गावात मी बघितली: हिरवा-पिवळा रंग, भोवती बाभळी, आणि चालायच्या यंत्रावर वाळत घातलेल्या गोधड्या. त्या यंत्रावर चढायलाच मांडीएवढी पायरी. तेवढ्या पैशात मुरूम दाबून केलेली सपाट वाट, दोन दिवे, चार बाकडी आणि एक धरायची दांडी एवढं होतं. ग्रामपंचायतींनी निधी आला की एवढं करावं. ज्या शाळांना मैदान आहे त्यांनी सकाळी सहा ते सात फाटक उघडं ठेवावं. आणि घरातल्या मुला-सुनांना हात जोडून सांगणं आहे की नानाला, आजीला पाणी घ्यायला उठू द्या. पडतील असं वाटलं तर शेजारी उभे राहा, पण उठू द्या.

तिसगावच्या पुढं गर्भगिरीच्या डोंगरात वृद्धेश्वर आहे. आमच्याकडची जुनी माणसं त्याला म्हातारदेवच म्हणतात. नाथांच्या यज्ञाला शंकर म्हाताऱ्याच्या रूपात आला होता अशी कथा आहे. डोंगरात आला म्हणजे चढूनच आला असणार. काखेत हात घालायला कुणी होतं असं कथेत तरी नाही. श्रावणात मी आता तिथं जातो, आणि मढीला कानिफनाथांच्या गडावरही, पायऱ्यांनी. मधे दोनदा टेकतो. पूर्वी वेळ झाला की बेल मीच द्यायचो, आता घाई करणारं कुणी नाही.

ऑगस्ट २०२२ पासून आपल्या राज्यात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्याला एसटी फुकट आहे. माझ्या वयाच्यांत या योजनेचं फार कौतुक चालतं. मी त्यांना एकच विचारतो, तिकीट माफ झालं, पायरी माफ झालीय का? गाडीची पहिली पायरी अजून तिथंच आहे, जवळजवळ गुडघ्याएवढी.

गेल्या आठवड्यात नातीनं पुन्हा तीच खुर्ची भिंतीला लावली. चौदा आले. वहीत शेरा लिहिलाय.

एसटीची पहिली गाडी पुणे-नगर अशी १ जून १९४८ ला सुटली, म्हणजे गुरुजींच्या कृपेनं आमचा दोघांचा वाढदिवस एकच. १ जून २०२८ ला ती ऐंशीची होईल, मी पंचाहत्तरचा. त्या दिवशी सकाळी नगरच्या स्टँडवरून पुण्याची गाडी धरायचं ठरवलंय. बरोबरीच्या कुणाला यायचं असेल तर यावं. खिडकी मी धरून ठेवतो, चढायचं मात्र ज्याचं त्यानं.